अळंबीची ओळख : छत्रीच्या खाली पाहा

मृगाचा पाऊस चार दिवस लागून पडला की रत्नागिरीतला जांभा काळवंडतो, गडग्यांवर शेवाळ चढते आणि काल संध्याकाळपर्यंत मोकळ्या असलेल्या जमिनीवर सकाळी छत्र्या उभ्या दिसतात. शाळेच्या मैदानाच्या कडेला, पेंढ्याच्या उडवीजवळ, उकिरड्यावर, कुजक्या ओंडक्यावर आणि वारुळाच्या आसपास. विद्यार्थी मित्रहो, पावसाळ्यात शाळेच्या वाटेवर तुम्ही अशा निदान पाच-सहा प्रकारच्या छत्र्या ओलांडून जात असाल. त्या एकमेकींपासून वेगळ्या कशा ओळखायच्या ते आज पाहू.

आपल्याकडे या छत्र्यांची वर्गवारी दोन नावांत उरकते. खाण्याजोगी असेल ती अळंबी आणि बाकीच्या सगळ्या कुत्र्याच्या छत्र्या. ही स्वयंपाकघराची वर्गवारी झाली. शास्त्राच्या दृष्टीने दोन्हीही कवकेच, म्हणजे बुरशीचेच भाईबंद. शिवाय आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे त्या सजीवाचे केवळ फळ. त्याचे खरे शरीर पांढऱ्या बारीक तंतूंच्या जाळ्याच्या रूपाने मातीत, पेंढ्यात किंवा लाकडात वर्षभर पसरलेले असते. आंब्याचे अख्खे झाड जमिनीत गाडलेले आहे आणि फक्त आंबा वर डोकावतो आहे, अशी कल्पना करा. त्या एका आंब्यावरून झाड ओळखायचे आहे!

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. या लेखाच्या आधारे कोणीही रानातली अळंबी घरी नेऊन तिची भाजी करू नये. पाहणे, उकरणे, कापणे, ठसा घेणे हे सारे खुशाल करा. हात लावल्याने विषबाधा होत नाही. नंतर हात साबणाने धुतले की पुरे. पण कोणताही तुकडा तोंडात घालायचा नाही, चव पाहण्यापुरतासुद्धा नाही.

चांदीचा रुपया आणि गोगलगाय

विषारी छत्री ओळखण्याच्या काही युक्त्या घरोघरी सांगितल्या जातात. भाजी शिजताना भांड्यात चांदीचा रुपया टाकावा, तो काळा पडला तर अळंबी विषारी. लसणीची पाकळी टाकावी, तिचा रंग बदलला तर विषारी. छत्रीला किडीने किंवा गोगलगाईने खाल्ले असेल तर ती निर्धोक. रंग भडक असेल तर वाईट, पांढराशुभ्र असेल तर चांगली.

यांतली एकही युक्ती खरी नाही. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. उकडलेल्या अंड्यात चांदीचा चमचा ठेवला तर तोही काळा पडतो, म्हणून अंडे विषारी ठरत नाही. उलट सर्वांत घातक विष असलेल्या छत्रीच्या भाजीत रुपया लखलखीत राहू शकतो. गोगलगाईचे शरीर आपल्यासारखे नाही. आपल्याला मारक ठरणाऱ्या छत्र्या ती आरामात खाते. आणि रंगाचे म्हणाल तर जगात अळंबीच्या विषबाधेने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेकांना कारणीभूत असलेली अमॅनिटा फॅलॉइडिस ही छत्री फिकट हिरवट-पिवळसर, सौम्य रंगाची, दिसायला देखणीच असते. तिच्या काही बहिणी तर पांढऱ्याशुभ्र आहेत.

या अमॅनिटातील विषाला अमाटॉक्सिन म्हणतात. शिजवून, तळून किंवा वाळवून ते नष्ट होत नाही. पेशीत डीएनएवरून आरएनए तयार करण्याचे काम ते बंद पाडते, त्यामुळे यकृताच्या पेशी मरू लागतात. आणि त्याची सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे त्याची चाल. खाल्ल्यानंतर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग ओकाऱ्या आणि जुलाब सुरू होतात. ते थांबून एखाद-दोन दिवस रोग्याला बरे वाटते, घरचे निर्धास्त होतात, आणि नेमक्या त्याच काळात यकृत निकामी होत असते. म्हणून रानातली छत्री खाल्ल्याची शंका आली तर माणूस ठणठणीत दिसत असला तरी ताबडतोब इस्पितळात न्यावे आणि छत्रीचा उरलेला तुकडा, कच्चा वा शिजवलेला, सोबत द्यावा. २०२२ सालच्या एप्रिलमध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन तेरा जण दगावले. त्यांतले बहुतेक चहाच्या मळ्यांतील कामगारांच्या कुटुंबांतले होते.

उपटू नका, उकरा

आता ओळखीकडे वळू. पहिला नियम हत्याराचा. छत्री दिसली की दांड्याला धरून उपटायचा मोह होतो. तसे केले की ओळखीची निम्मी खूण मातीतच राहते. खुरपे किंवा जुनी सुरी घ्या, चार बोटे अंतर सोडून माती सैल करा आणि छत्री बुडासकट बाहेर काढा. कशाकशात रुजली होती तेही पाहून ठेवा : माती, शेण, लाकूड, पेंढा की वारूळ.

मग ती हातात घेऊन बुडापासून वर पाहत चला. काही छत्र्यांच्या बुडाशी एक फाटकी वाटी असते, अंड्याचे कवच फुटून राहावे तशी. कोवळेपणी ही सारी छत्री खरोखरच एका पांढऱ्या पिशवीत मिटलेली असते. वाढताना पिशवी फाटते आणि तिचा खालचा भाग वाटीसारखा राहतो. वरचा भाग कधी छत्रीवर पापुद्र्यांच्या किंवा खवल्यांच्या ठिपक्यांच्या रूपाने चिकटून राहतो. दांड्यावर मध्येच कधी झालरीसारखे कडे दिसते. तो दुसऱ्या एका पडद्याचा अवशेष असतो. कोवळ्या छत्रीच्या कडेपासून दांड्यापर्यंत ताणलेला हा पडदा खालची बाजू झाकून असतो. छत्री उघडली की तो कडेपासून सुटतो. वाटी आणि कडे, दोन्ही एकत्र आढळणे हे अमॅनिटा कुळाचे लक्षण आहे आणि तेवढ्यावरूनच ती छत्री बाजूला ठेवावी.

याची उलट बाजू मात्र लक्षात घ्या. वाटी किंवा कडे दिसले नाही म्हणजे ते नव्हतेच असे होत नाही. रत्नागिरीत वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. अशा सरींत छत्रीवरचे ठिपके धुऊन जातात, कडे गळून पडते, घाईने उपटलेल्या दांड्याची वाटी जमिनीत राहते. परदेशी पुस्तकांतली चित्रे स्वच्छ, कोरड्या नमुन्यांची असतात. आपल्याला मिळणारा नमुना बहुधा भिजून अर्धा उरलेला असतो. त्यामुळे एकाच जागच्या कोवळ्या, उघडलेल्या आणि जून अशा तीन छत्र्या पाहिल्याशिवाय मत बनवू नये.

आता छत्री उलटी करा. बऱ्याचशा छत्र्यांच्या खाली मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत गेलेले उभे पातळ पडदे दिसतात. सायकलच्या चाकाला आरे असावेत तसे. माशाच्या कल्ल्यांसारखे दिसतात म्हणून त्यांना कल्ले म्हणू. (पडद्यांऐवजी बारीक भोके असलेल्याही छत्र्या असतात, त्या आज सोडून देऊ.) सुरीने छत्री उभी चिरून दोन भाग केले की कल्ले दांड्याशी कसे जोडलेले आहेत ते नीट कळते. काहींत ते दांड्यापर्यंत पोहोचतच नाहीत, मध्ये गोल फट राहते. हे सुटे कल्ले. काहींत ते दांड्याला चिकटतात. काहींत तर दांड्यावरून खाली उतरत जातात. बाजारात मिळणारी धिंगरी आणून पाहा, तिचे कल्ले असे उतरते असतात. बाजारातल्याच बटन अळंबीचे कल्ले सुटे असतात, मात्र त्यासाठी खालचा पडदा फाटून उघडलेले एखादे बटन निवडावे लागेल.

कल्ल्यांमागचे भौतिकशास्त्र

हे कल्ले कशासाठी? वहीला पाने जितकी जास्त तितका लिहायला कागद जास्त. तसे कल्ल्यांमुळे छोट्याशा छत्रीखाली पुष्कळ पृष्ठभाग मिळतो आणि त्या पृष्ठभागावर बीजाणू तयार होतात. मोठ्या छत्रीतून पडणाऱ्या बीजाणूंची संख्या अब्जांच्या घरात जाते.

पण पृष्ठभाग वाढवायला कल्ले अगदी एकमेकांना खेटून ठेवले तर बीजाणू बाहेर पडणार कसा? इथे मौज आहे. बीजाणू कल्ल्याच्या बाजूवर आडवा चिकटलेला असतो. सुटण्याच्या क्षणी त्याच्या बुडाशी पाण्याचा एक सूक्ष्म थेंब जमतो. तो बीजाणूवरच्या पाण्याच्या पातळ थरात मिसळला की पृष्ठताणाची ऊर्जा मोकळी होते आणि बीजाणू आडवा उडतो. हवेच्या विरोधामुळे तो मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकाच पुढे जातो, थांबतो आणि दोन कल्ल्यांमधल्या फटीतून सरळ खाली पडू लागतो. जरा जास्त उडाला असता तर समोरच्या कल्ल्यावर आदळला असता. कल्ले अगदी उभे असण्याचे कारणही हेच. छत्री कलली तर वाढते कल्ले गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने पुन्हा ओळंब्यासारखे उभे होऊ पाहतात.

खाली पडताना बीजाणूचा वेग वाढत जात नाही. तो इतका लहान असतो की हवेचा विरोध त्याचे वजन लगेच पेलतो आणि तो एकसारख्या अंतिम वेगाने उतरतो. मोठ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी स्टोक्सच्या नियमाने हा वेग काढून पाहावा. बीजाणूचा व्यास ८ मायक्रोमीटर आणि घनता पाण्याइतकी धरली, हवेची श्यानता १.८ × १०⁻⁵ पास्कल-सेकंद घेतली, तर उत्तर सेकंदाला सुमारे २ मिलिमीटर येते. म्हणजे जमिनीपासून १० सेंटीमीटर उंचीवरच्या कल्ल्यातून सुटलेला बीजाणू जमिनीवर पोहोचायला जवळजवळ ५० सेकंद घेईल. तेवढ्या वेळात वाऱ्याची झुळूक त्याला कुठच्या कुठे नेते. कॅनडातील विनिपेगचे प्राध्यापक बुलर यांनी बीजाणूंच्या या पडण्याचा वेग प्रत्यक्ष मोजला आणि १९०९ साली आपल्या ग्रंथात प्रसिद्ध केला.

वाराच लागू दिला नाही तर? तर सगळे बीजाणू सरळ खाली, जिथल्या तिथे साचतील. ओळखीचा सर्वांत भरवशाचा प्रयोग याच गोष्टीवर बेतलेला आहे.

ठसा कसा घ्यावा

पूर्ण उघडलेली, पण न सडलेली छत्री घ्या. दांडा कल्ल्यांच्या पातळीला कापून टाका. अर्धा पांढरा व अर्धा काळा असा कागद जोडून घ्या, कारण पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसणार नाहीत. काचेचा तुकडा मिळाला तर फारच छान. तो मागाहून हव्या त्या रंगावर ठेवून पाहता येतो. छत्री कल्ले खाली करून त्यावर ठेवा, वर पाण्याचा एक थेंब सोडा आणि वारा लागू नये म्हणून वाडगा पालथा घाला. रात्रभर हलवू नका. सकाळी छत्री अलगद उचला. कल्ल्यांची हुबेहूब नक्षी कागदावर उमटलेली असेल. तिचा रंग दिवसाच्या उजेडात पाहा, विजेच्या दिव्याखाली नको.

हा रंग कल्ल्यांच्या रंगासारखाच असेल असे नाही, आणि छत्रीच्या रंगाशी तर त्याचा काहीच संबंध नसतो. पाऊस, ऊन, वय यांमुळे छत्रीचा रंग पालटतो. बीजाणूंचा सहसा पालटत नाही. स्वीडनचे एलियास फ्रीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्लेवाल्या छत्र्यांची वर्गवारी केली तिचा मुख्य आधार ठशाचा रंग हाच होता. आज डीएनए तपासून अनेक नावे बदलली आहेत. उकिरड्यावर उगवणारी, दुपारपर्यंत कल्ल्यांची काळी शाई होऊन गळणारी छत्री तुम्ही पाहिली असेल. ती ज्या कोप्रिनस वंशात होती त्याचेच २००१ साली तुकडे पडले. तरी मैदानात काम करणारा अभ्यासक आजही ठशापासूनच सुरुवात करतो.

अमॅनिटाचा ठसा पांढरा येतो. धिंगरीचा पांढरा किंवा किंचित जांभळट. बटन अळंबीचा चॉकलेटी, शाईच्या छत्रीचा काळा. पांढरा ठसा देणारी सगळीच कुळे विषारी नाहीत हे धिंगरीवरून दिसतेच. त्यामुळे ठसा हा निकाल म्हणून घ्यायचा नसतो; बाकीच्या खुणांबरोबर तो जुळतो की नाही एवढेच पाहायचे.

मैदानावरची हिरवी आणि वारुळावरची गुलाबी

आता दोन छत्र्या समोरासमोर ठेवू. पहिली हिरवळीवर, गुरे चरतात अशा माळावर किंवा मैदानाच्या कडेला उगवते. चांगली ताटलीएवढी होते, पांढरी, माथ्यावर तपकिरी खवले, दांड्यावर वर-खाली सरकवता येणारे कडे, कल्ले सुटे आणि कोवळेपणी पांढरे. पुष्कळदा अशा छत्र्या गोल रिंगण करून उभ्या असतात. जमिनीखालचे तंतू मधल्या बिंदूपासून सर्व बाजूंना सारख्या वेगाने वाढल्यामुळे ते वर्तुळ तयार होते. इतकी भरगच्च, स्वच्छ छत्री पाहून कोणालाही भाजी आठवावी. हिचे नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. ती खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोराच्या ओकाऱ्या आणि जुलाब होतात. हिचा ठसा घेतलात तर तो चक्क हिरवट उमटतो. असा हिरवा ठसा फारच थोड्या छत्र्या देतात. मात्र कोवळ्या छत्रीत बीजाणू पिकलेलेच नसतात, ठसा उमटत नाही, आणि नेमकी कोवळीच छत्री खायला उचलली जाते.

दुसरी आपली वारुळावरची अळंबी, जिच्यासाठी कोकणातली माणसे पावसाची वाट पाहतात. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि तिथे ही अळंबी पानांत बांधून मोजून विकली जाते. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. वाळवीच्या इंग्रजी नावावरूनच ते आलेले आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ साली हा वंश वेगळा केला आणि १९७९ साली के. नटराजन यांनी दक्षिण भारतातील एका जातीला हाइम यांचे नाव दिले.

वाळवी ही मोठी शेतकरीण. पाला आणि लाकूड चावून, पोटातून जाऊ देऊन ती त्याचे स्पंजासारखे मळे रचते आणि त्यांवर या कवकाची लागवड करते. लाकडातला कठीण भाग कवक पचवते आणि वाळवी मग ते मऊ झालेले अन्न आणि कवकाचे पांढरे दाणे खाते. ही भागीदारी लाखो वर्षांची आहे. एकाला सोडून दुसऱ्याचे रानात चालत नाही. पावसात जमीन भिजली की कवक त्या मळ्यातून वर छत्री पाठवते. मळा खोल असल्यामुळे छत्रीच्या दांड्याला खाली मुळासारखी लांब शेपटी फुटलेली असते, काही जातींत हातभरही लांब. छत्रीच्या माथ्यावर मधोमध टणक टोक असते; माती फोडून वर यायला ते पहारीसारखे उपयोगी पडते. कल्ले सुटे, बुडाला वाटी नाही, आणि ठसा फिकट गुलाबी. लांब मूळ, टणक टोक, गुलाबी ठसा आणि वारुळाची जागा, या चार गोष्टी जुळल्या म्हणजे ओळख पक्की होत जाते. अर्थात निसर्ग पुस्तक वाचून वागत नाही. टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस ही बोटाच्या पेराएवढी जात शेकड्यांनी उगवते आणि तिला लांब मूळ नसते, कारण वाळवीने मळ्याचा चुरा वर आणून टाकलेला असतो, त्यावर ती उगवते.

गावातल्या जाणत्या बायका ही अळंबी अचूक ओळखतात. त्या ठसा घेत नाहीत, पण वारूळ कोणते, पाऊस कितवा, मूळ किती लांब, हे सगळे त्या एकदम पाहतात. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपात होते, त्यामुळे तिथली वारुळे सहसा कोणी फोडत नाही. त्याच जागी दरवर्षी अळंबी येते, हेही त्यांना ठाऊक असते. मात्र हे ज्ञान त्या मुलखापुरते खरे असते. परमुलखात तसेच दिसणारे दुसरेच काही असू शकते.

याचे दुःखद उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. आशियात भातपेंढ्यावर एक चवदार छत्री उगवते, व्हॉल्व्हेरिएला. आपल्याकडेही पेंढ्याची अळंबी म्हणून तिची लागवड करतात. तिच्या बुडाला वाटी असते, दांड्यावर कडे नसते. कोवळेपणी ती अमॅनिटाच्या कोवळ्या अंड्यासारखीच दिसते. कॅनबेरात ओक वृक्षांखाली अमॅनिटा फॅलॉइडिस उगवते. २०११ सालच्या ३१ डिसेंबरच्या रात्री तिथे जेवणात ती छत्री गेली आणि काही दिवसांत दोघांचा मृत्यू झाला. पेंढ्याच्या अळंबीशी असलेल्या साम्यामुळे आशियातून आलेल्या माणसांचा असा घोटाळा होतो, असा इशारा तिथे वारंवार दिला जातो. दोघींमध्ये ठशाचा फरक असतो : पेंढ्यावरचीचा गुलाबी, अमॅनिटाचा पांढरा. पण अंड्याच्या अवस्थेत ठसा मिळत नाही, आणि मग उभे चिरून आत काय आहे ते पाहण्यावाचून मार्ग उरत नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. जून ते सप्टेंबर या काळात वर्गाने ठशांची वही ठेवावी. सुरुवात बाजारातल्या धिंगरीने आणि बटन अळंबीने करावी, म्हणजे हात बसतो. मग आवारातल्या छत्र्या घ्याव्यात. प्रत्येक ठशाखाली तारीख, जागा, कशावर उगवली, कल्ले सुटे की चिकटलेले, कडे, वाटी, बुडाचा आकार आणि आदल्या तीन दिवसांचा पाऊस लिहावा. उभा चिरलेला नमुना रेखाटून घ्यावा. नाव कळले नाही तर ती ओळ कोरी ठेवावी. अंदाजाने नाव लिहू नये. ठशाचा कागद घासला की बीजाणू पुसले जातात, म्हणून तो दुमडू नये. दोन काचांमध्ये ठेवून कडा कागदी पट्टीने चिकटवाव्यात आणि पावसाळ्यातल्या दमटपणापासून जपण्यासाठी झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.